शाळिग्रामाची साक्ष

अक्कलकोटास श्रीस्वामी समर्थांच्या वटवृक्षापाशी दर्शन घेऊन बसलो असता दोघा यात्रेकरूंचा वाद आमच्या कानी पडला. माळकरी बाबा म्हणत होते, "देवानं सगळे प्राणी एकदाच, जसेच्या तसे घडवले. दगडातली हाडं दाखवून पोरांची श्रद्धा घालवू नका, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "बाबा, ती हाडं काय मी पुरून ठेवली?" बाबांचा नातू हरिपाठाला बसेनासा झाला होता. त्यांचे भय खरे होते.

असाच वाद २०१८ साली औरंगाबादेस उठला होता. वानराचा मनुष्य होताना कोणी पाहिला नाही, सबब डार्विन चूक, असे केंद्रातील एक राज्यमंत्री म्हणाले. देशातील तीनही विज्ञान अकादमींनी ते खोडून काढले. आम्ही म्हणतो, दिंडी जाताना पाहिली नाही, तरी पावलांचे ठसे व चुलींची राख पाहून ती गेली हे आपण ओळखतोच की नाही?

असा ठसा आपल्या देवघरातच आहे. शाळिग्राम काळी गंडकीच्या पात्रात मिळतो. त्यातील चक्र हे पुष्कळदा अमोनाइट नावाच्या, शंखात राहणाऱ्या समुद्रजीवाचे असते. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. त्याचाच तळ पुढे हिमालयात उचलला गेला. अक्कलकोटच्या विहिरी ज्या काळ्या पाषाणात खणतात, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच सुमारास अमोनाइट नाहीसे झाले. मनुष्याची हाडे मात्र फार वरच्या, अलीकडच्या थरांतच मिळतात. १८६१ साली जर्मनीत आर्किऑप्टेरिक्स प्रसिद्धीस आला: पिसे पक्ष्याची, दात व हाडांचे लांब शेपूट सरपटणाऱ्या प्राण्यांसारखे.

विलायतेतील फिलिप गॉस या धर्मनिष्ठ प्राणिशास्त्रज्ञाने १८५७ साली तोड काढली, की देवाने सृष्टी घडवतानाच हे जीवाश्म जुने भासतील असे खडकात घातले. हे खोडता येत नाही. पण याने देवाला काय केले ते पाहा. भक्तासाठी विटेवर उभा राहणारा देव पाषाणात खोटी साक्ष कशाला लिहील?

उलट, हाडे सापडली म्हणून देव नाही, हेही घाईचे बोलणे. कोणत्या देहामागून कोणता देह आला, हे दगड सांगतो. शेजाऱ्याशी कसे वागावे, हे तो सांगत नाही. आणि आपल्या कीर्तनकारांनी चौऱ्यांशी लक्ष योनी म्हणजेच उत्क्रांती असे सांगून टाळ्या घेऊ नयेत. तो फेरा एका जीवाचा, कर्मानुसार. उत्क्रांती पिढ्यान्‌पिढ्या बदलणाऱ्या वंशांची. गल्लत केली तर ना शास्त्र कळते, ना परमार्थ.

बाबांना आम्ही एवढेच म्हटले, "नातवाच्या हातात शाळिग्राम द्या आणि गुरुजींचं सगळं त्याला ऐकू द्या. मग संध्याकाळी हरिपाठाला त्याला शेजारी बसवा." बाबा काही बोलले नाहीत; पण उठताना गुरुजींच्या पाया पडले. गुरुजीही वाकले.

रामकृष्णहरी.