न थांबणारी गाडी



अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोहावी नावाचे वाळवंट आहे. लॉस एंजेलिस आणि सॉल्ट लेक सिटी ह्या शहरांना जोडणारी रेल्वे १९०५ साली ह्या वाळवंटातून गेली आणि वाटेत केल्सो हे छोटे गाव वसले. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, ते केल्सोला मिळे. पुढे सुमारे २,००० फुटांची चढण होती. ती चढण्यासाठी गाडीला जादा इंजिन जोडावे लागे, तेही केल्सोलाच. १९२४ साली तेथे देखणे स्टेशन उभे राहिले. त्यात तारघर होते, खाणावळ होती, रेल्वे कामगारांसाठी खोल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात जवळच लोखंडाची खाण सुरू झाली आणि गावाची वस्ती २,००० च्या घरात गेली.

१९४८ साली खाण बंद पडली. वाफेच्या जागी डिझेलची इंजिने आली. त्यांना ना ते पाणी लागे, ना ते जादा इंजिन. हळूहळू माणसे निघून गेली. १९८५ साली स्टेशनलाही कुलूप लागले. लोहमार्ग मात्र चालूच राहिला. मालगाड्या केल्सोवरून धावत राहिल्या, फक्त थांबेनाशा झाल्या. गावाचा दोष काय? काहीच नाही. त्याची गरज सरली होती.

गरज सरो नि वैद्य मरो, असे आपण म्हणतो. आपल्या घरांत काय घडते? रात्रपाळ्या करून मुलांना शिकवणारे वडील, नातवंडांना अंगाखांद्यावर वाढवणारी आजी आता खाटेवर आहेत. आपण त्यांच्या खोलीवरून दिवसातून दहा वेळा जातो. थांबतो किती वेळा? आणि निवृत्तीनंतर, आजारपणात आपणही स्वतःला विचारतो, 'आता माझा काय उपयोग?'

येशूने सांगितलेल्या दाखल्यात याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला. त्या जखमी माणसाकडून त्याला काहीही मिळणार नव्हते. तो कळवळ्याने थांबला. देवही आपल्यापाशी असाच थांबतो. आपला उपयोग किती, हे तो मोजत नाही.

केल्सोची कथा त्या कुलपापाशी संपली नाही. रेल्वे कंपनी स्टेशन पाडण्याच्या विचारात होती. लोकांनी ते वाचवण्यासाठी धडपड केली. पुढे त्याची डागडुजी झाली आणि २००५ साली ते पाहुण्यांसाठी पुन्हा उघडले. ज्यांनी ते वाचवले, त्यांना तेथे ना पाणी भरायचे होते, ना गाडी पकडायची होती. त्यांचा त्या वास्तूवर जीव होता.

ह्या आठवड्यात आपणही एका ठिकाणी थांबू या. आपल्या धर्मग्रामात असे एखादे घर असेल, जिथे आता आपले काहीच काम उरलेले नाही. तिथे जाऊ या, घटकाभर बसू या, त्यांचे ऐकू या. कदाचित ते घर आपलेच असेल, फक्त खोली आतली असेल.

प्रभू आपणांस थांबण्याची कृपा देवो.