गर्भ पाहावा, पण कशासाठी?

जे जे कळू शकते ते ते विचारून घ्यावे काय, हा प्रश्न जुनाच आहे. पण आज तो पाठशाळेच्या ओसरीवर राहिलेला नाही. सोनोग्राफीच्या खोलीत, पडद्यासमोर, तो साध्या संसारी माणसाला गाठतो. म्हणून त्याचा विचार आपण माळकऱ्यांनी केला पाहिजे.

वस्तूचे स्वरूप न जाणता तिला बरी किंवा वाईट म्हणणे हा अविचार होय. तेव्हा आधी हे यंत्र पाहू. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो. हे यंत्र त्याच्या कितीतरी पलीकडचा, साधारण २० लाखांपासून दीड कोटी कंपनांपर्यंतचा नाद अंगात सोडते, आणि आतून जो पडसाद परत येतो त्याचे चित्र पडद्यावर उमटते. डोंगरात हाक मारावी आणि पडसादावरून कडा किती लांब ते ओळखावे, तसाच हा प्रकार. यात एक्स-रेचे किरण नाहीत. पोटावर थंड, बुळबुळीत जेल लावतात, ते नाद आत नीट जावा म्हणून. गर्भवतीच्या उपचारात ही विद्या आणण्यात ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांचा मोठा वाटा. त्यांचा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला.

जाताना काय करावे? पित्ताशय पाहावयाचे असेल तर बहुधा सहा ते आठ तास उपाशी राहण्यास सांगतात. आमची मंडळी उपासाला भीत नाहीत. पण साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘उपाशीच आलो’ म्हणतात. हा तो उपास नव्हे! मधुमेह असेल त्याने गोळी-इंजेक्शनाचे आधी डॉक्टरांस विचारावे. ओटीपोट पाहावयाचे असेल तर पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते. तपासणी आतून करावयाची असेल तर बाईला तसे आधी सांगावयास हवे; तिने सोबत बाईमाणूस मागितले तर त्यात संकोच नाही.

आणखी एक ध्यानात ठेवावे. हाडे आणि पोटातला वायू या नादाला अडवतात. म्हणजे हे यंत्र प्रमाण आहे, पण सर्वज्ञ नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून सर्व शंका फिटत नाहीत, आणि काही दिसले म्हणून तो अखेरचा निकालही नव्हे. गर्भारपणी पहिल्या तीन महिन्यांत दिवस ठरवण्यासाठी, आणि १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या अवयवांत व्यंग आहे का ते पाहण्यासाठी, ही तपासणी मोलाची आहे. डॉक्टर सांगतील तेव्हा ती टाळू नये. आणि नुसत्या हौसेखातर करूही नये.

आता दुसरी बाजू. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मतात. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली भरल्या ८३९! अंबाबाईच्या करवीरात हा आकडा. महाराष्ट्राने १९८८ सालीच, देशात सर्वांआधी, गर्भलिंग-परीक्षेविरुद्ध कायदा केला होता. देशाचा कायदा १९९४ साली झाला. तरी आकडा हा असा. म्हणून २०१० साली जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी इथल्या सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण बसवावयास लावले. काय पाहिले त्याची नोंद ते मुकाट्याने ठेवते. डॉक्टरांची संघटना उच्च न्यायालयात गेली. रुग्णाच्या गुप्ततेचा मुद्दा तिने मांडला. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने ती हरकत फेटाळली.

येथे कोणी शंका घेईल, ‘महाराज, पहारा बसवून पाळलेला धर्म तो कसला धर्म?’ शंका खरी आहे. वेदान्तात साक्षी म्हणतात तो आतला. तो पाहतो, पण बोलत नाही. तो जागा असता तर बाहेरचा साक्षी विकत आणावा लागला नसता. पण बाहेरच्याला नावे ठेवून चालणार नाही. घरात चोरी होत असता कुलूप लावू नये, आधी चोराचे मन सुधारावे, असे कोणी म्हणत नाही. कुलूपही हवे, मात्र कुलपालाच सदाचार समजू नये.

दुसरी शंका शास्त्राची. ‘पुत्र तो नरकातून तारतो, असे मनूने नाही का सांगितले?’ सांगितले आहे, नवव्या अध्यायात. पण त्याच अध्यायात, थोडे आधी, कन्या ही पुत्रासमान असेही सांगितले आहे. एक श्लोक तोंडपाठ आणि दुसरा विसरला, हे पाठांतर सोयीचे झाले! आणि भ्रूणहत्येचे पातक कोणत्या शास्त्राने माफ केले? शिवाय मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजावरून ठरते. तेव्हा सुनेला बोल लावणे हे अज्ञानही आणि अन्यायही.

म्हणून आमचे म्हणणे इतके. यंत्र पापी नाही, जाणणेही पाप नाही. जाणण्यामागे जो हेतू असतो, त्याच्यावर पुण्य-पाप ठरते. ‘बाळ नीट वाढते आहे ना? आईला धोका नाही ना?’ हे जरूर विचारावे, समजेपर्यंत विचारावे. ‘काय आहे?’ हे मात्र शब्दाने, खुणेने, पैशाने विचारू नये. गर्भवती बाई अर्जावर सही करते की मला लिंग जाणावयाचे नाही. डॉक्टरही तसेच लिहून देतो. त्या सहीचा मान नवऱ्याने आणि सासूनेही राखावा. विचारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. बाईवर घरच्यांनीच जबरदस्ती केली असेल, असे कायदा आधी धरून चालतो. घराच्या अब्रूला याहून मोठा डाग कोणता?

आषाढीला नंदवाळची वाट चालताना डोईवर तुळस घेतलेल्या बाया दिंडीत असतात. देवाला आपण माउली म्हणतो. ज्या मुखाने माउली म्हणायचे, त्याच मुखाने लेक नको म्हणायचे, हे जमणार कसे? ज्याने त्याने आपल्या आतल्या साक्षीला विचारावे.

रामकृष्ण हरि.