उष्टं औषध

साच्यावर उभा राहणारा माणूस मी. डॉक्टरकी शिकलेलो नाही. तरी एक प्रश्न रात्रपाळीतही डोक्यातून जात नाही : आजाऱ्यानं उष्टं औषध घ्यावं का?

उष्टं कसं, ते सांगतो. बिहारात मुसहर म्हणून आपली भावंडं आहेत. बहुतेक भूमिहीन. मातीचं घर, ओली जमीन, शेजारी गुरं. भिंतीच्या भेगांत वाळूमाशी राहते. ती चावली की लेशमानियाचा जंतू अंगात शिरतो. आठवडेच्या आठवडे ताप, पानथरी फुगते, पोट पुढं येतं, रक्त आटतं. हाच काळा आजार. औषध नाही मिळालं तर माणूस बहुधा मरतोच. जंतू जात बघत नाही. पण ओली भिंत कुणाच्या वाट्याला यायची, ते जातीनं ठरवलं.

आता औषधं बघा. ॲम्फोटेरिसिन काढलं बुरशीच्या रोगांसाठी. मिल्टेफोसीन कॅन्सरसाठी, काळ्या आजारावर त्याला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. पॅरोमोमायसीन हे जुनं प्रतिजैविक. त्याला २००६ साली. सगळी दुसऱ्याच्या ताटासाठी रांधलेली, पंगत उठल्यावर इकडं सरकवलेली. बाजाराला खिसा दिसतो, पानथरी दिसत नाही.

शास्त्र अवघड असतं, कबूल. पण उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२० च्या सुमारास कलकत्त्यात, नळ, गॅस, वीज नसलेल्या खोलीत, खास याच रोगासाठी युरिया स्टिबामाइन बनवलं. पुढं अँटिमनीची औषधं बिहारात जंतूला बाधेनाशी झाली, तेव्हा खास या रोगासाठी केलेलं दुसरं काही हाताशी नव्हतं.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, उष्टं टाका, मेलेलं ढोर टाका. आपल्या आज्या-पणज्यांनी टाकलं. मग औषधही टाकायचं?

आधी मला वाटलं, टाकायचं. मग तापानं फणफणलेलं पोर डोळ्यापुढं आलं. त्याच्या आईला मी कुठल्या तोंडानं सांगू, स्वाभिमानासाठी पोराला मरू दे? उष्ट्या भाकरीतला अपमान भाकरीचा नव्हता. दारात उभं राहून हात पसरण्याचा होता. आणि या औषधांच्या चाचण्यांना अंग कुणी दिलं? बिहारच्याच गरीब रोग्यांनी. ज्यानं अंग दिलं, तो भिकारी कसा? तो वाटेकरी. औषध घ्यायचं, मान ताठ ठेवून, हक्क म्हणून.

पण तेवढ्यावर थांबायचं नाही. २००३ साली जिनिव्हात डीएनडीआय ही नफा न बघता औषधं शोधणारी संस्था उभी राहिली. याच जातीच्या जंतूंसाठी घडवलेली नवी औषधं आता चाचणीत आहेत. आणि भारतात रोगी खूप घटलेत. चांगलंच झालं. पण भीती इथंच आहे. रोगी घटले की सरकार पाठ फिरवतं, चूल विझते, आणि माशी भेगेतच बसलेली असते.

तेव्हा मोर्च्यात दवाखाना मागाल, तिथं दोन मागण्या जोडा : पक्की भिंत, आणि आमच्या रोगासाठी पेटती राहणारी चूल.