शामी जुब्बा आणि आपली ओळख



कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून कापड, चादरी आणि इंजिने परदेशी जातात. रेमंडने तेथे इटलीच्या झांबायती कंपनीशी भागीदारी करून शर्टाच्या कापडाची गिरणी उभारली. माल बाहेर जातो, तसे बाहेरचे जगही पगार, पेहराव आणि मोबाईलच्या रूपाने आपल्या घरात येते. मग घरोघर प्रश्न उभा राहतो: यातले काय स्वीकारावे आणि आपले काय राखावे?

व्यापार इस्लामला परका नाही. पवित्र कुरआनच्या सूरह कुरैशमध्ये (106) हिवाळ्या-उन्हाळ्यातील व्यापारी तांड्यांचा उल्लेख अल्लाहची कृपा म्हणून येतो. पण त्याच सूरहमध्ये मागणी आहे ती या घराच्या, म्हणजे काबागृहाच्या, पालनकर्त्याची उपासना करण्याची. कारण भुकेत अन्न आणि भयात अभय देणारा तोच आहे. तांडा दूरदेशी जावो, रोजीदात्याचा विसर पडू नये.

हजरत मुगीरा बिन शोअबा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस सहीह बुखारीत आहे. एका प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अंगावर शामी जुब्बा होता. शाम देश तेव्हा रोमी सत्तेखाली होता, तरी तेथले वस्त्र आपण (स.) वर्ज्य मानले नाही. वजूच्या वेळी मात्र अरुंद बाह्या वर सरकेनात. तेव्हा आपण (स.) जुब्ब्याच्या खालून हात बाहेर काढले आणि धुतले. बाही आड आली म्हणून वजू आखडता घेतला नाही. परक्या वस्तूची पारख करण्याची कसोटी येथे आहे: वस्त्र कोठले, हा प्रश्न दुय्यम, ते कर्तव्याच्या आड येते का, हा प्रश्न मुख्य.

आता आपल्या बाह्या तपासा. कारखान्याची शिफ्ट ही एक बाही आहे. जोहरची वेळ पुरेशी मोठी असते. जेवणाच्या सुट्टीत फर्ज नमाज सहज होते. जुम्असाठी सुपरवायझरशी आधी बोलावे, सहकाऱ्याशी पाळी बदलावी आणि त्याच्या सणाला आपण त्याची पाळी उचलावी. व्याजाच्या हप्त्यावर घेतलेला महागडा फोन ही दुसरी बाही. येथे हात वेळीच बाहेर काढलेला बरा.

तिसरी गोष्ट भाषेची. दिवसभर मोबाईलवर दूरदेशीची प्रवचने ऐकून आपल्या काही तरुणांना वाटू लागले आहे की, मराठी ही दीनची भाषा नव्हे. दुसरीकडे काही आईबापांना वाटते की, मराठी ही प्रगतीची भाषा नव्हे. दोघांच्या मधोमध आजीची भाषा पोरकी होते. कुरआन सांगते की, प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्याच भाषेत संदेश घेऊन आला (14:4), आणि भाषांची व वर्णांची विविधता ही अल्लाहची निशाणी आहे (30:22). निशाणीची लाज कसली बाळगायची? कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुस्लिम शिक्षणासाठी संस्था उभी केली, कुरआनच्या मराठी भाषांतरासाठीही पुढाकार घेतला. त्यांना जे उमगले, ते आपण विसरावे काय? मुलांनी अरबी शिकावी, इंग्रजी शिकावी. पण घरात दीनची गोष्ट आजीला कळेल अशा भाषेतही व्हावी.

आणि हेही ध्यानात असू द्या: शेजारच्या खोलीत बिहारचा, उत्तर प्रदेशचा कामगार राहतो. माणसांना राष्ट्रे आणि कबिले यांत विभागले ते परस्परांना ओळखण्यासाठी. श्रेष्ठता मात्र तकव्याची (49:13). आपली ओळख राखणे म्हणजे दार लावून बसणे नव्हे. स्वतःला नीट ओळखणाराच दुसऱ्याला निर्भयपणे ओळखू शकतो.

या आठवड्यात घरच्यांसह बसा, आपल्या घरातली अरुंद बाही कोणती ते शोधा आणि एकच का होईना, हात बाहेर काढा. अल्लाह आपल्या रोजीत बरकत आणि आपल्या मुलांच्या ईमानास स्थैर्य देवो. आमीन.