निर्वैर फिर्याद

शत्रूवर प्रेम करावे या ख्रिस्ती आज्ञेवर आजवर जे आक्षेप आले, त्यांत ‘हे दुर्बळांचे तत्त्वज्ञान आहे’ हा आक्षेप सर्वांत गाजलेला असला तरी तो मला सर्वांत गंभीर वाटत नाही. त्याहून अवघड आक्षेप असा, की क्षमेचा उपदेश बहुधा वरून खाली वाहतो: सावकार कुळाला, मळेवाला गुलामाला, आणि दंगल शमल्यावर कचेरीतील अंमलदार घर जळालेल्या माणसाला ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगतो, ज्याने घर जाळले त्याच्याकडे पश्चात्तापाचा निरोप घेऊन मात्र सहसा कोणी जात नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि व्यासपीठावरील धर्मोपदेशकांनीही त्याला पुष्कळ आधार पुरविला आहे, हेही नाकारण्यात अर्थ नाही. विचार करावयाचा तो एवढाच, की ज्या ग्रंथाच्या नावाने हा उपदेश केला जातो त्या ग्रंथात तो आहे काय.

दुसरा गाल पुढे करण्याची डोंगरावरील प्रवचनातील आज्ञा सर्वश्रुत आहे. परंतु ती देणाऱ्याच्या स्वतःच्या मुखावर जेव्हा खरोखरच चपराक बसली तेव्हा त्याने काय केले, हे योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलेले असूनही तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अटकेच्या रात्री याजकापुढे चौकशी चालू असता, उत्तर उद्धटपणाचे आहे असे परस्पर ठरवून शेजारी उभ्या असलेल्या एका शिपायाने येशूला मारले. येशूने त्याला शाप दिला नाही आणि त्याच्यावर हातही उगारला नाही. तथापि तो गप्पही राहिला नाही. आपल्या बोलण्यात काही वावगे असेल तर ते त्याने सिद्ध करावे, आणि नसेल तर आपल्याला मारण्याचे कारण काय, अशा आशयाचा जाब त्याने त्या शिपायाला विचारला. जाब विचारण्यात समोरच्याला विवेक आहे, त्याला उत्तर देता येईल, अशी एक श्रद्धा गृहीत असते. द्वेष करणाऱ्याला जाब विचारण्याची गरजच भासत नाही, कारण त्याच्या मनात निकाल केव्हाच लागलेला असतो.

पौलाचे वर्तनही याच जातीचे आहे. फिलिप्पै येथे त्याला आणि सीलाला चौकशीवाचून भर चौकात फटके मारून बंदिशाळेत टाकण्यात आले, आणि दुसऱ्या सकाळी अधिकाऱ्यांनी दोघांना सोडून देण्याचा हुकूम धाडला, तेव्हा मुकाट्याने चालते होण्याऐवजी, आपण रोमी नागरिक आहोत, ज्यांनी आपल्याला चारचौघांत मारले त्यांनी जातीने येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा हट्ट पौलाने धरला. आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. भूकंपाने दरवाजे उघडले असता कैदी पळाले असे समजून आत्महत्येला प्रवृत्त झालेल्या बंदिशाळेच्या नायकाचे प्राण याच पौलाने त्याच रात्री वाचविले होते.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या अखेरीस, सूड आपल्या हाती घेऊ नका, असे तो बजावतो, आणि तेराव्याच्या आरंभी दुष्कर्म करणाऱ्याला शासन करण्याचा अधिकार राज्यसत्तेकडे असल्याचे सांगतो. हे अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले. मूळ पत्रात तेथे रेघ नव्हती. (हा उतारा पुढे राजनिष्ठेच्या इतक्या प्रवचनांना राबविला गेला, की त्याचा सुडाशी असलेला संबंधच वाचकांच्या ध्यानातून गेला.) जखमी माणसाच्या हातून शस्त्र काढून घेणे आणि न्यायासनाला त्याच्या कर्तव्याची आठवण देणे, ही पौलाच्या लेखी एकाच विचाराची दोन टोके होती.

या विचाराची आपल्या देशातील सर्वांत कठोर परीक्षा ओरिसात झाली. ऑस्ट्रेलियाहून 1965 मध्ये आलेले ग्रॅहम स्टेन्स बारीपदा येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेत होते. 22 जानेवारी 1999 च्या रात्री केओंझर जिल्ह्यातील मनोहरपूर गावी ते आणि त्यांचे दोन पुत्र, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, मोटारीत झोपले असता जमावाने ती मोटार पेटवून दिली आणि तिघांचाही अंत झाला. मागे राहिलेल्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी, मारेकऱ्यांविषयी आपल्या मनात कटुता नाही, आपण त्यांना क्षमा केली आहे, असे सांगितले, आणि 2004 पर्यंत बारीपदा येथेच राहून ते सेवाकार्य पुढे चालविले. देशाने त्यांच्या या बोलण्याचे उदंड कौतुक केले. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याच बाईंनी केलेला दुसरा खुलासा, की क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम या दोन गोष्टींची गल्लत करू नये, त्या कौतुकाच्या गलबल्यात जवळजवळ हरवून गेला. खटला आपल्या गतीने चालला. 2003 मध्ये मुख्य आरोपी दारा सिंग याला फाशीची शिक्षा झाली, 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, आणि जानेवारी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. बाईंच्या क्षमेने या खटल्यातील एकही तारीख टळली नाही, आणि टळावी अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

आपल्याकडे क्षमेचे उदाहरण म्हणून पैठणच्या नाथांची कथा सांगतात: गोदावरीचे स्नान करून परतताना अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्यावर न रागावता ते प्रत्येक वेळी पुन्हा स्नानाला गेले. कथा थोर आहे. परंतु त्यात अपमान नाथांच्याच देहाचा होता, आणि आपल्या देहावरील अपराधाचे काय करावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतोच. डोस्टोव्हस्कीच्या कादंबरीतील इव्हान कारामाझोव्ह याच्या पुढचा प्रश्न घालतो. ज्या मातेच्या बालकाचा छळ झाला तिने स्वतःच्या दुःखापुरती क्षमा खुशाल करावी, पण बालकाच्या यातनांची क्षमा करणारी ती कोण, असे तो म्हणतो. आणि या प्रश्नावर ख्रिस्ती प्रवचनकारांनी दिलेली बहुतेक उत्तरे मला तोकडी वाटतात. बारीपद्याच्या बाईंच्या खुलाशात मात्र, त्यांनी तशा शब्दांत तो मांडला नसला तरी, उत्तराचा एक अंश मला दिसतो. आपल्या वाट्याचे हक्कसोडपत्र लिहून द्यावे, पण सहहिस्सेदाराच्या वाट्यावर आपली सही करू नये, हा साधा व्यवहार आहे. त्यांनी आपला वाटा सोडला; फिलिप आणि टिमथी यांचा वाटा न्यायासनाकडे राहू दिला.

मग संतापाचे काय करावे? स्तोत्रसंहितेतील 137 वे स्तोत्र बाबेलच्या बंदिवासातील लोकांच्या आर्त स्मरणाने सुरू होते आणि शत्रूच्या अर्भकांविषयीच्या अशा एका भयंकर उद्गारावर संपते, की तो वाचताना जीभ अडखळते. रोमन कॅथॉलिक पंथाने गेल्या शतकात नित्यप्रार्थनेच्या ग्रंथाची पुनर्रचना केली तेव्हा या स्तोत्राचा शेवट गाळला आणि 58, 83 व 109 ही शापस्तोत्रे तर समूळ वगळली. हेतू सात्त्विक होता यात शंका नाही, परंतु निर्णय मला पटत नाही. ज्याची माणसे मारली गेली त्याच्या मनात ते शब्द येणारच. देवापुढे ते उच्चारावयास जागा ठेवली नाही तर ते शेजाऱ्याच्या दारी जाऊन उच्चारले जातील. प्रार्थनेत ओकलेला क्रोध हीही एक फिर्यादच असते, आणि ती दाखल करणारा शिक्षेची अंमलबजावणी आपल्या हाताबाहेर देऊन मोकळा होतो.

क्षमेने हिंसा थांबते, अशी ग्वाही मात्र कोणी देऊ नये. स्टेन्स प्रकरणाला दहा वर्षे पुरी होण्याच्या आत त्याच प्रांतात, ऑगस्ट 2008 मध्ये स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांच्या सहकाऱ्यांची निर्घृण हत्या झाली, आणि तिचे निमित्त होऊन कंधमालमधील ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले, घरे व प्रार्थनामंदिरे जळाली, हजारो लोक रानावनांत आणि छावण्यांत गेले. कटक-भुवनेश्वरचे आर्चबिशप राफाएल चीनथ या पीडितांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट 2016 मध्ये न्यायालयाने नुकसानभरपाई वाढवून दिली आणि नोंदलेल्या 827 गुन्ह्यांपैकी तपास बंद करून टाकलेल्या 315 प्रकरणांची फेरतपासणी करण्यास राज्यसरकारला सांगितले. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच चीनथ यांचे मुंबईत निधन झाले. आपल्या अपराध्यांना आम्ही क्षमा करतो, अशी कबुली देवापुढे देणारी प्रभूची प्रार्थना या धर्मगुरूने आयुष्यभर प्रतिदिनी म्हटली असणार, आणि तिच्यातील कोणत्याही शब्दामुळे वकीलपत्रावर सही करताना त्यांचा हात अडला नाही.