सशाला देव करू नका

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ ठरवले आणि व्याख्यातेमंडळींची सोय झाली. असेच एक विद्वान जालन्यात ठासून सांगत होते, की प्राण्यात देव दिसू लागला म्हणजे माणसाचे क्रौर्य आपोआप गळून पडते. टाळ्या पडल्या. म्हशीचे काय, असे कुणी विचारले नाही.

हा विचार आमच्याकडे नवा नाही. समर्थांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यातले. एकच अंतरात्मा सगळ्या जीवांत नांदतो, हे इथल्या कीर्तनात पोरंही ऐकतात. शेजारच्या पैठणात ज्ञानेश्वरांनी रेड्याकडून वेद वदवले. नाथांनी रामेश्वराला निघालेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली. गोष्ट गोडच आहे, पण ते पाणी रामेश्वराला पोचले, अशी पावती सांगणाऱ्याने शेवटी जोडलीच. गाढवाची तहान भागली, एवढ्यावर आपले समाधान का होत नाही?

व्याख्यात्यांनी एकदा भोकरदन तालुक्यात जाळीच्या देवाला जाऊन यावे. महानुभावांचे हे मोठे स्थान. इथल्या जाळीत चक्रधरस्वामी वाघाच्या पिलांशी खेळले, असे भाविक सांगतात. आता गंमत अशी, की चराचरात देव भरला आहे हे महानुभावांना मुळात मान्यच नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ त्यांच्या मते अनादी आणि एकमेकांहून कायमचे वेगळे. जीव परमेश्वराचा अंश नव्हे. वड, नाग, गाय यांची पूजा त्यांना वर्ज्य. व्याख्यात्यांच्या हिशेबाने ही माणसे निर्दय निघायला हवी होती. प्रत्यक्षात अहिंसेचा इतका कडक आचार मराठी पंथांत क्वचितच सापडेल. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात पारध्यांनी पिटाळलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. पारधी तो मागतात. स्वामी देत नाहीत, कारण तो शरण आला आहे. त्या सशाच्या पोटी देव होता म्हणून तो वाचला, असे तिथे कुणी म्हणत नाही. ससा म्हणूनच तो वाचला. मला ही दया जास्त सोवळी वाटते. तिला समोरच्याचा दर्जा वाढवून घ्यावा लागत नाही.

इथवर माझे ठीक चालले होते, पण पोळा आडवा येतो. श्रावणी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. जुवाने घासलेला खांदा गरम पाण्याने शेकायचा, हळद आणि लोणी चोळायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण बैलाला द्यायचे. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही. ही पूजा आहे की औषधपाणी? दोन्ही आहे, आणि दोन्ही एकाच हाताने होते. बेगड, झूल, पुरणपोळी हे सगळे नंतरचे. महानुभावांना हे पटणार नाही, पण मला त्या हाताशी भांडता येत नाही. तेव्हा माझा मुद्दा थोडा सरकवतो: प्राण्यात देव पाहायचा तर जखमेपासून सुरुवात करून पाहावा. शिंगांना रंग लावणे त्या मानाने सोपे.

आता कायद्याचे बघा. २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. बैलाला अभय मिळाले आणि म्हाताऱ्या बैलाचा बाजार बसला. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काम नाही, आता गिऱ्हाईकही नाही. राज्यमातेच्या घोषणेबरोबरच गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज ५० रुपये अनुदान जाहीर झाले. म्हैस त्यात बसत नाही; दूध कितीही देवो, ती राज्याची कुणीच नाही. आणि निकामी झालेला बैल विकून न टाकता जो शेतकरी अजून आपल्या दावणीला पोसतो आहे, त्यालाही यातला छदाम मिळायचा नाही. त्याचा गोठा गोशाळा म्हणून नोंदलेला नाही, आणि बैल काही कुणाची माता नव्हे.