खालच्या पाण्याचा शेजारी

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या कांहीं अपायांत करणाराचा हात स्पष्ट दिसतो. कांहीं अपाय मात्र असे असतात कीं, हानि डोळ्यांसमोर असून हात कोणाचाच दाखवितां येत नाहीं. पहिल्यांचा न्याय करणें सोपें आहे. दुसऱ्यांविषयीं आज आम्ही वाचकांबरोबर विचार करूं इच्छितों, व त्यासाठीं अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें उदाहरण घेतों.

ह्या नदीच्या खोऱ्यांत ३१ राज्यांतलें पाणी जमतें. वरच्या अंगाला आयोवा, इलिनॉय ह्या राज्यांत मका व सोयाबीन यांचीं विस्तीर्ण शेतें आहेत. मक्याला नत्र लागतें; शेतकरी खत घालतो; त्यांत पाप कोणतें? परंतु पिकानें न घेतलेलें नत्र व स्फुरद पावसाच्या पाण्याबरोबर आणि जमिनीखालीं पुरलेल्या निचऱ्याच्या नळांतून ओढ्याला, ओढ्यांतून नदीला, व शेवटीं शेंकडों कोस दूर मेक्सिकोच्या आखाताला जाऊन मिळतें. शहरांचें सांडपाणीही त्यांत भर घालतें. तेथें त्या खतावर सूक्ष्म शेवाळ माजतें, मरतें व तळाशीं जातें. तें कुजविणारे जंतु पाण्यांतील प्राणवायु संपवितात. उन्हाळ्यांत नदीचें हलकें गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर झांकणाप्रमाणें पसरतें, म्हणून वरचा प्राणवायु तळापर्यंत पोहोंचत नाहीं. दर लिटर पाण्यांत तो दोन मिलिग्रॅमहून कमी उरला म्हणजे मासे व कोळंबी पळून जातात, आणि ज्यांना पळतां येत नाहीं ते जीव गुदमरून मरतात. ह्या मृत पट्ट्याचें पद्धतशीर मोजमाप १९८५ सालीं सुरू झालें. २०१७ सालीं तो ८,७७६ चौरस मैल भरला.

आतां ह्याचा जाब कोणास विचारावा? आयोवाचा शेतकरी म्हणेल, "मीं समुद्र पाहिलाही नाहीं. माझ्या शेतांतून गेलें तें मूठभर. तेवढें थांबविलें तरी आखाताला कळणारही नाहीं." हें बोलणें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. लाखों हातांनीं घडलेला अपाय कोणा एकाचा नसतो. परंतु म्हणून तो कोणाचाच नाहीं असें होत नाहीं. दहा जणांनीं मिळून एकाच्या डोक्यावर ओझें ठेविलें, तर आपला भाग उतरविणें हें प्रत्येकाचें काम आहे. बाकीचे नऊ काय करितात, हें पाहत बसण्याची त्याला मोकळीक नाहीं.

अजाणतां झालें त्याचा दोष आम्ही लावीत नाहीं. पण कळल्यावर अजाणतेपणा कोठला? हा पट्टा २०१५ पर्यंत सुमारें १,९०० चौरस मैलांवर आणावयाचा असें तेथील सरकारानें २००१ सालीं ठरविलें; तें साधलें नाहीं, व मुदत २०३५ पर्यंत वाढविली. उपाय गुप्त नाहींत: माती तपासून, पिकाला पाहिजे तेव्हां व तितकेंच खत घालणें, पीक निघाल्यावर जमीन उघडी न ठेवणें, ओढ्याकांठीं गवताचा पट्टा राखणें. अडचण एवढीच कीं, खर्च वरच्याचा व लाभ खालच्याचा. तो खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकणेंही न्यायाचें नव्हे. मक्यावर पोसलेलें मांस खाणारे व मक्याचें इंधन मोटारींत जाळणारे ह्यांचाही त्यांत वांटा आहे.

पाणी क्षमाशील आहे, ह्याची साक्ष काळ्या समुद्रानें दिली आहे. डॅन्यूब नदीनें आणिलेल्या खतानें त्याचा वायव्येकडील उथळ भाग १९७० नंतर असाच गुदमरला होता. १९८९ नंतर पूर्व युरोपांतील साम्यवादी राजवटी कोसळल्या, स्वस्त सरकारी खत बंद झालें, आणि कांहीं वर्षांतच तळाला प्राणवायु परत येऊं लागला. परंतु तेथें कोणाचें मन पालटलें नव्हतें. हातांत पैसा नव्हता, एवढेंच. दारिद्र्यानें जें करविलें तें विवेकानें होईल काय, हीच खरी परीक्षा आहे.

आमच्या वाचकांत पुष्कळ शेतकरी आहेत. युरियाची गोणी त्यांच्याही घरीं आहे, आणि देशावरचें पाणी गोदावरी व कृष्णा ह्यांतून समुद्रालाच जातें. शेजारी म्हणजे बांधापलीकडचा, एवढेंच आपण मानितों. परंतु आपल्या शेतांतलें पाणी जेथवर पोहोंचतें तेथवर आपला शेजार आहे. खताची मूठ सोडतांना त्या न पाहिलेल्या शेजाऱ्याची आठवण प्रत्येकानें ठेवावी, अशी आमची विनंति आहे.